हेल्मेटवाले सर

पुण्यातल्या कॉलेजात हातात हेल्मेट घेऊन वर्गात शिरणारे सर दिसले, की ते पूर्णवेळ नाहीत हे ओळखायला नॅकची समिती लागत नाही. पूर्णवेळ सरांना कपाट असतं, केबिन असते, निदान स्टाफरूममध्ये हक्काची खुर्ची तरी असते. तासिका तत्त्वावरच्या सरांना यातलं काहीच नसतं, आणि गाडीच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट तासाभरानं तिथंच सापडेल अशी हमी पार्किंगमधले मामाही देत नाहीत. म्हणून ते वर्गात येतं, टेबलावर डस्टरशेजारी बसतं आणि तास संपेपर्यंत मुलांकडे रोखून बघतं. २०१९ च्या जानेवारीत ज्या शहरातले लोक हेल्मेटसक्तीच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते, त्या शहरात स्वतःच्या डोक्याची इतकी काळजी घेणारा माणूस मुलांच्या नजरेत भरला नसता तरच नवल. दोन-तीन आठवड्यांत त्यांचं बारसं होतं, ‘हेल्मेटवाले सर’. खरं नाव कळेपर्यंत सेमिस्टर संपलेली असते.

यात मुलांचा दोष नाही. नोटीस बोर्डावरच्या वेळापत्रकात बाकीच्या शिक्षकांची आद्याक्षरं असतात, आणि यांच्या जागी ‘सीएचबी-२’ असं लिहिलेलं असतं. सीएचबी म्हणजे क्लॉक अवर बेसिस. नव्या शैक्षणिक धोरणानं आधीच पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस अशी अक्षरं उधळून ठेवली आहेत, त्यात ही आणखी तीन. माझ्या एका मित्राला एफवायच्या मुलीनं तास संपल्यावर अगदी मनापासून विचारलं, “सर, सीएचबी-टूचं पुस्तक कुठलं घ्यायचं?” तो स्वतःच सीएचबी-टू होता. “अजून बाजारात आलेलं नाही,” असं सांगून त्यानं हेल्मेट उचललं.

मी हे लांबून बघून सांगत नाही. काही वर्षं मीही या हेल्मेटधारी संप्रदायात होतो, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण अर्धवेळ आहोत हे प्राचार्यांना माहीत असतं, ऑफिसातल्या मॅडमना पैशापर्यंत माहीत असतं, शिपाईमामांना तर आपल्याआधी कळलेलं असतं. माहीत नसतं ते फक्त मुलांना. त्यामुळे सबंध इमारतीत आपल्याकडून पूर्णवेळ प्राध्यापकाची अपेक्षा करणारी तेवढीच मंडळी असतात.

याचा पहिला प्रत्यय गेटवर येतो. पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेला, सेट उत्तीर्ण, तिशीला टेकलेला माणूस. पण अंगानं किडकिडीत आणि पाठीला सॅक. वॉचमन काठी आडवी धरून म्हणतो, “आयकार्ड दाखव.” एकेरीत. आता मुलांना आयकार्ड प्रवेशाबरोबर मिळतं. सरांना मिळत नाही, कारण कार्डावर मुदत लिहावी लागते आणि सरांची मुदत किती हे कोणालाच ठाऊक नसतं. “अहो, मी शिकवतो इथं,” हे वाक्य पुण्यातल्या वॉचमननी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलेलं आहे की त्याचा उपयोग शून्य. अशा वेळी मागच्या रांगेतून आवाज येतो, “मामा, सोडा त्यांना. सर आहेत आमचे.” आवाज ज्याचा असतो त्याची हजेरी वीस टक्के असते. पण त्याच्या शब्दावर सर आत जातात, आणि पुढं हजेरीचा विषय निघाला की हा ऋणानुबंध सरांना आठवतो, त्यालाही आठवतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मनात शंकेला जागाच नसते. लातूरहून, बीडहून किंवा धुळ्याहून आलेल्या मुलानं पुण्याचं कॉलेज आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं असतं. फळ्यासमोर उभा राहतो तो प्रोफेसर, प्रोफेसरला लाखभर पगार असतो, आणि एवढा पगार असून साध्या गाडीवर येणारा माणूस थोरच असला पाहिजे. सरांच्या शर्टाची कॉलर विरलेली असते, त्यावरही मुलांचं मत ठरलेलं असतं: सर साधे राहतात. सर मधल्या सुट्टीत अमृततुल्यपाशी उभ्यानं चहा-क्रीमरोल घेतात ते मुलांत मिसळायला आवडतं म्हणून. तास संपल्या संपल्या पळतात ते बिझी असतात म्हणून. गांधीवादाचं एवढं फुकट श्रेय या शहरात दुसऱ्या कोणाला मिळत नसेल.

दुसऱ्या वर्षी मात्र चौकशी सुरू होते. एखादा मुलगा जिन्यात गाठतो, इकडंतिकडं बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, “सर, एक विचारू? रागावणार नाही ना?” सरांच्या पोटात गोळा येतो. घरची अडचण असेल, प्रेमप्रकरण असेल, फी भरायला पैसे हवे असतील. (हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्या महिन्यात त्याच्या आणि सरांच्या खात्यात साधारण सारखीच शिल्लक असते.) पण मुलगा विचारतो, “सर, तुम्ही पर्मनंट आहात का?”

यामागं सहानुभूती वगैरे आहे असं समजायचं कारण नाही. प्रश्न सहीचा असतो. प्रोजेक्टवर, जर्नलवर, रेल्वेच्या कन्सेशनवर, शिष्यवृत्तीच्या अर्जावर कोणाची सही चालते आणि कोणाची चालत नाही, याचं ज्ञान दुसऱ्या वर्षापर्यंत मुलांना झालेलं असतं. सरांनी चार ओळींचा अभिप्राय लिहून झोकदार सही ठोकली, तरी मुलगा नम्रपणे विचारतो, “याच्यावर एचओडींची पण घेऊ ना, सर? म्हणजे, असावी म्हणून.” हे ‘असावी म्हणून’ फार शालीन असतं.

मुलांच्या घरी हाच प्रश्न वेगळ्या कारणानं निघतो. मुलगी जेवताना सांगते, आमचे इकॉनॉमिक्सचे सर काय भारी शिकवतात, महागाई का वाढते ते परवा पहिल्यांदा कळलं. वडील भाकरी मोडता मोडता विचारतात, “पर्मनंट आहेत का?” मुलगी म्हणते, माहीत नाही. वडील म्हणतात, “मग बघ हं.” काय बघायचं ते सांगत नाहीत. महागाई का वाढते याचं स्पष्टीकरणही आता नोकरी कायम झाल्याशिवाय ग्राह्य धरता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पैशाचं एकदा सांगून टाकतो, म्हणजे वारंवार तिकडं वळायला नको. राज्य सरकारनं २०१८ साली पदवीच्या वर्गावरच्या एका तासाचे ५०० रुपये ठरवले, आणि टप्प्याटप्प्यानं ते ९०० झाले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ च्या जानेवारीतच पाहुण्या अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये द्यावेत असं सांगितलं होतं. पण आयोग दिल्लीला असतो आणि बिलं पुण्यात होतात. एका रिकाम्या पूर्णवेळ पदाचे तास बहुधा दोघांत वाटतात, त्यामुळे एकाच्या वाट्याला आठवड्याचे नऊ-दहा तास येतात. कित्येक कॉलेजांतला तास ४८ मिनिटांचा असतो. मे-जून कोरडे. जुलैत पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. समोर तीच समिती, खुर्चीत तोच उमेदवार, आणि पहिला प्रश्नही तोच, “तुमच्याविषयी थोडं सांगा.” सात वर्षं जो माणूस याच समितीच्या हाताखाली शिकवतो आहे, तो स्वतःविषयी थोडं सांगतो. समिती लक्षपूर्वक ऐकते. मागच्या वर्षीपासून काही बदल झालेला नसतो, फक्त वय वाढलेलं असतं.

आता हे सगळं मुलांना कसं कळतं, तर ‘कमवा आणि शिका’मधून. पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं चालते. गरजू मुलं लायब्ररीत पुस्तकं लावतात, बागेत पाणी घालतात, ऑफिसात फायली लावतात आणि तासावर मानधन घेतात. महिन्याच्या शेवटी या मुलांची नि सीएचबी सरांची गाठ ऑफिसच्या खिडकीशी पडते. मी तिथं उभा होतो. माझ्या हातात तक्ता: तारीख, वर्ग, वेळ, घेतलेले तास, सही. शेजारी माझ्याच वर्गातला एसवायचा मुलगा. त्याच्या हातातही तक्ता: तारीख, विभाग, वेळ, केलेले तास, सही. तो एकदा माझ्या कागदाकडं बघे, एकदा स्वतःच्या. शेवटी न राहवून म्हणाला, “सर, तुमचा फॉर्म सेम आमच्यासारखाच आहे की.”

“हो रे.”

“म्हणजे तुम्ही पण कमवा-शिकात?”

मी म्हटलं, तू शिकून कमावणार आहेस, मी शिकवून, फरक आहे. त्याला तो पटला नसावा. थोडा विचार करून त्यानं विचारलं, “आमचे महिन्याच्या महिन्याला येतात. तुमचे, सर?” ग्रँट आली की येतात, आणि ग्रँट साधारण होळीच्या सुमाराला येते, हे मी त्याला सांगितलं. तो गप्प झाला. मग खिडकीतल्या मॅडमना म्हणाला, “मॅडम, सरांचं आधी घ्या.” त्यानंतर वर्षभर त्यानं माझा एकही तास चुकवला नाही. माझी शिकवण्याची पद्धत सुधारल्यामुळे असं झालं असेल, असा माझा दावा नाही. आपण गैरहजर राहिलो आणि तास भरलाच नाही, तर सरांचे पैसे जातील, हा हिशेब त्यानं केला होता. वर्गातल्या इतरांनाही त्यानं तो समजावून सांगितला असावा, कारण पावसाळ्यातल्या सकाळीसुद्धा चौदा-पंधरा डोकी हमखास असत. विषयाच्या गोडीनं कधी जमली नव्हती एवढी.

सकाळ म्हणजे सात वीस. पुण्यातली कॉमर्सची कॉलेजं त्या वेळी भरतात, कारण दहानंतर मुलांना कामं असतात. कोणी सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतो, कोणी बँकेच्या टेलिकॉलिंगला जातो, कोणी दुपारी खाणं पोचवत गावभर हिंडतो. नीट पाहिलं तर पुण्यात पूर्णवेळ विद्यार्थीही आता दुर्मीळच. अर्धवेळ सर अर्धवेळ मुलांना शिकवतात, आणि जी इमारत सकाळी एका कॉलेजची असते ती दुपारी दुसऱ्याची. पूर्णवेळ असतो तो फक्त वॉचमन, तोही एजन्सीचा.

तीन कॉलेजं सांभाळणाऱ्या माणसाचं व्हायचं ते होतंच. हेल्मेटवाले सर कर्वे रस्त्यावरचा तास संपवून, डेक्कनचा सिग्नल सोसून दुसऱ्या कॉलेजात शिरतात, हजेरी घेतात आणि शिकवायला लागतात. वीस मिनिटं उत्तम जातात. फळा भरतो. मागच्या बाकावरचेही वहीत काहीतरी लिहीत असतात. मग पहिल्या बाकावरची मुलगी अदबीनं हात वर करते, “सर, हे आम्हाला नाहीये.”

“काय नाहीये?”

“हा चॅप्टर. हा आम्हाला सिलॅबसलाच नाहीये.”

सर घड्याळाकडं बघतात, मग फळ्याकडं. “मग वीस मिनिटं बोलली का नाहीस?”

“छान चाललं होतं, सर.”

मला वाटतं, माझ्या ऐकण्यात आलेला हा विद्यार्थ्यांचा सर्वांत प्रामाणिक फीडबॅक आहे. अधिकृत फीडबॅकची तऱ्हा वेगळी. नॅकची समिती येणार असली की मुलांकडून फॉर्म भरून घेतात. त्यात शिक्षकाचं नाव निवडायचं असतं आणि यादीत हेल्मेटवाल्या सरांचं नाव नसतं. मुलं मग समोर दिसेल त्या पूर्णवेळ सरांच्या नावावर टिक करून ‘हे फार छान शिकवतात’ असं लिहितात. एका कॉलेजात असे फुकटचे पाचपैकी पाच मिळालेले एक ज्येष्ठ सर खूप भारावले होते. दोन आठवडे ते पिवळ्या नोट्स न घेता वर्गावर गेले.

याचा अर्थ पूर्णवेळ सगळे पिवळ्या नोट्सवाले आणि तासिकावाले सगळे हिरे, असा नाही. आमच्यातही दगड होते. चार कॉलेजांत एकच विनोद चारदा सांगणारे होते, आणि वर्ग आपल्या नावाचा आहे की नाही याची खात्री नसल्यानं मुलांना दरडावणारे तर बरेच होते. मुलांना हे लगेच कळतं. ज्याच्या हातात काही नाही तो फार ओरडतो, एवढं मानसशास्त्र ती बारावीलाच शिकून आलेली असतात.

गंमत अशी की अर्धवेळ असणं हे सगळीकडंच कमीपणाचं नाही. लॉ कॉलेजात जा. तिथं कोर्टातून थेट काळ्या कोटात येणाऱ्या वकीलसाहेबांचा तास म्हणजे पर्वणी. वकिली सांभाळून दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला केंद्र सरकारचे नियमच परवानगी देतात. साहेब उशिरा आले तर मुलं थांबतात, आलेच नाहीत तर “सुनावणी लांबली असेल” म्हणून कौतुकानं मान हलवतात. “आमच्या एका मॅटरमध्ये काय झालं,” म्हणून त्यांनी सुरुवात केली की कलम बाजूला राहतं आणि वर्ग रंगतो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकवायला बातमीदार येतात, त्यांचा फोन तासात चारदा वाजतो. फोन कोणाचा होता याचे अंदाज मुलं पुढं आठवडाभर बांधतात. मॅनेजमेंटच्या संस्थांत हिंजवडीहून व्हिजिटिंग फॅकल्टी येते. गाडी लांबलचक, लॅपटॉप पातळ, मराठी त्याहून पातळ. पाऊण तास वाहतुकीत गेला आणि पाव तास प्रोजेक्टर जोडण्यात गेला तरी मुलं रागावत नाहीत. उलट जाताना लिफ्टपर्यंत सोडायला जातात, कारण सरांच्या कंपनीत इंटर्नशिप असते. आयोगानं २०२२ मध्ये अशा अनुभवी मंडळींसाठी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ असं पदही काढलं, त्याला पीएच.डी. लागत नाही. बीएच्या वर्गावरच्या आमच्या सरांकडं पीएच.डी. असते, नेट असते, आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी पुणे विद्यापीठच घेतं ती सेटही असते. नसते ती फक्त दुसरी नोकरी. ज्याचं पोट बाहेर भरतं तो अर्धवेळ सर मोठा माणूस ठरतो, आणि ज्याचं कुठंच भरत नाही तो सीएचबी ठरतो. मुलं हे पार्किंगमध्ये बघूनच ठरवतात.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. प्राध्यापकानं बाहेरची कामं करावीत की नाहीत, यावर या गावात १८९० साली एवढं भांडण झालं की टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. आजीव सदस्यांनी पोटापुरतं घ्यावं आणि सगळा वेळ संस्थेला द्यावा, असं टिळकांचं म्हणणं. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद स्वीकारलं ते त्यांना खटकलं. खुद्द टिळकांकडं तेव्हा ‘केसरी’चं संपादन होतं, हा मुद्दा समोरच्या पक्षानं सोडला असेल असं पुण्याला ओळखणारा कोणी म्हणणार नाही. राजीनामा देऊन टिळक गेले. गोखले फर्ग्युसनमध्ये १९०२ पर्यंत महिना ७५ रुपयांच्या आसपास शिकवत राहिले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय अडला असेल तो त्यांनी घेतला. आजच्या वेळापत्रकात त्यांच्या वाट्याला बहुतेक आयकेएस, म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली, आलं असतं. पण एक फरक आहे. त्या दोघांचं भांडण पगार असतानाच्या त्यागावर होतं. आमच्या सरांना त्याग करायला आधी काहीतरी मिळावं लागेल.

तेव्हा सरांना बाहेरची कामं करावीच लागतात, आणि पुण्यात बाहेरचं काम म्हणजे सदाशिव पेठ किंवा नवी पेठ. संध्याकाळी सहाला स्पर्धा परीक्षेचा क्लास. जिना अरुंद, खोली लांबट, शे-सव्वाशे मुलं मांडीला मांडी लावून. सर आत येतात तर पहिल्या बाकावर त्यांचाच टीवायचा विद्यार्थी. जुलैपासून कॉलेजच्या वर्गात हा मुलगा त्यांना दिसलेला नसतो. इथं त्याच्यापुढं तीन रंगांची पेनं, हायलायटर, नवी कोरी वही. सर भारतीय अर्थव्यवस्था शिकवतात. सकाळी रिकाम्या बाकांना जे शिकवलं तेच, त्याच उदाहरणांसह. क्लास संपल्यावर मुलगा जवळ येतो, डोळ्यांत खरीखुरी चमक. “सर, काय शिकवता तुम्ही! कॉलेजात असं कोणी शिकवत नाही.”

“कॉलेजात मीच असतो.”

“हो, पण तिथं आम्ही नसतो ना,” असं तो हसत म्हणतो, आणि वर विचारतो, “सर, तिथल्या प्रेझेंटीचं काही होईल का?”

याला उर्मटपणा म्हणायला माझं मन धजत नाही. त्यानं क्लासची फी भरलेली असते, घरच्यांनी कशीबशी पाठवलेली. पैसे मोजून ऐकलेलं ज्ञान त्याला खरं वाटतं. सरांनाही तिथं पैसे वेळेवर मिळतात, त्यामुळे सर तिथं जरा जास्त छान शिकवत असतील, हीही शक्यता मी नाकारत नाही.

शिक्षकदिनाचा प्रसंग तर खास आहे. पाच सप्टेंबरला मुलं एकेक गुलाब आणि एकेक पेन घेऊन स्टाफरूमच्या दारात येतात. सर खिडकीपाशी उभे असतात, कारण खुर्च्या भरलेल्या. मुलं आधी त्यांच्याकडंच येतात. वयानं जवळचे, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देणारे, रात्री अकराला ‘सर आयएमपी द्या ना’ म्हटलं तरी न चिडणारे तेच असतात. सर गुलाब घेतात, पेन खिशाला लावतात, फोटो निघतो. त्या दिवशी कागदोपत्री ते कोणीच नसतात. जुलैपासून शिकवत असले तरी नेमणुकीच्या मान्यतेचं पत्र अजून ‘प्रक्रियेत’ असतं. मुलांचा गुलाब वेळेवर येतो. पत्र साधारण दिवाळीच्या सुट्टीत येतं, तेव्हा ते घ्यायला कॉलेजात कोणी नसतं.

मग कधीतरी पेपरच्या पुणे पुरवणीत फोटो येतो. पुणे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती इमारतीत उच्च शिक्षण संचालनालय आहे, त्यासमोर नेट-सेटधारकांचं धरणं. प्राध्यापक भरती करा, समान कामाला समान वेतन द्या, असे फलक. तिसऱ्या रांगेत उन्हात डोळे बारीक केलेले आपले सर, मांडीवर हेल्मेट. वर्गाच्या ग्रुपवर तो फोटो सकाळी साडेसातला पडतो. पहिली प्रतिक्रिया: ‘सर फेमस.’ दुसरी: आगीची तीन चिन्हं. तिसरी: ‘म्हणजे आज लेक्चर ऑफ का?’ त्यानंतर मात्र बराच वेळ कोणी काही लिहीत नाही. मग एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी लिहिते, ‘सरांना आपण पर्मनंट समजत होतो ना?’ आणि कमवा-शिकावाला उत्तर देतो, ‘मला माहीत होतं. सांगितलं नाही. सरांना बरं वाटलं नसतं.’

दुसऱ्या दिवशी सात वीसच्या तासाला सर आत येतात तेव्हा वर्ग भरलेला असतो. धरण्याचा विषय कोणी काढत नाही. पहिल्या बाकावरच्या मुलानं सरांच्या हेल्मेटसाठी टेबलाचा कोपरा मोकळा करून ठेवलेला असतो. सर हजेरी घेतात. पंधरा जणांच्या प्रॉक्सी लागतात, त्या सर बोट चालवत मुकाट मांडतात. एवढं सौजन्य दोन्ही बाजूंनी चालतं.

वाचकांपैकी कोणाची मुलगी किंवा मुलगा पुण्यात शिकत असेल, तर पालकसभेला अवश्य जा. तिथं भिंतीलगत हेल्मेट काखोटीला मारून उभे असलेले एक सर दिसतील. मुलाचं खरं काय चाललंय ते त्यांनाच ठाऊक असतं, त्यांना विचारा. ‘पर्मनंट आहात का?’ हे मात्र विचारू नका, आणि जे विचारायचं ते पटकन विचारा. सव्वाअकराला त्यांचा हडपसरला तास आहे, आणि मधे मगरपट्ट्याचा सिग्नल आहे.